पडदे ठरेपर्यंत

नव्या घरात सामान लागलं त्या संध्याकाळी नवरा हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, “आता पडदे तेवढे राहिले. रविवारपर्यंत उरकून टाकू.”

तो रविवार यायला सव्वातीन महिने लागले.

घर दुसऱ्या मजल्यावर. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खिडक्या चार. त्याआधी आम्ही भिवंडीतच एका चाळीत तळमजल्याला भाड्याने राहत होतो. तिथं खिडकी एकच, आणि तिच्यावर माझ्या जुन्या ओढणीचा पडदा. तो मी काही ठरवून लावला नव्हता. एकदा डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून बांधला, तो तसाच अकरा वर्षं राहिला. नव्या घराला ओढणी कशी चालेल? नव्या घरात सगळंच नीट करायचं होतं.

माणसं आम्ही चार. नवरा पडघ्याच्या बाजूला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात आहे. कुठला ट्रक कुठल्या गोदामाला लावायचा ते दिवसभर फोनवर सांगत असतो. मुलगी नववीत. आणि सासूबाई. त्या तोवर गावाला, धाकट्या दिराकडे होत्या. “आता मोठं घर झालंय, आता आमच्याकडे चला,” असा आम्ही फारच आग्रह धरला म्हणून आल्या. येताना एक पत्र्याची पेटी आणि स्वतःचा पाट घेऊन आल्या, आणि लिफ्टमध्ये त्या पाटावरच बसल्या.

मी पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात कामाला आहे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू लोक परत पाठवतात, त्या आमच्या सेक्शनला येतात. लांबच लांब टेबल, डोक्यावर पांढराफटक लाइट, हातात स्कॅनर. पाकीट फोडायचं, वस्तू बघायची आणि ठरवायचं: पुन्हा विकण्यासारखी आहे, मार लागलेली आहे, वापरून धुतलेली आहे की भलतीच आहे. भलतीच म्हणजे बुटांच्या खोक्यात विटेचा तुकडा वगैरे. ड्रेसच्या काखेला पावडर लागली असेल तर लग्न आटोपून परत आलाय असं समजायचं. एका वस्तूला मिनिटभरही मिळत नाही, आणि मला तेवढं लागतही नाही. आमचा सुपरवायझर नव्या पोरींना माझ्या टेबलापाशी आणून सांगतो, “मॅडम का हाथ देखो. सोचता नहीं, सीधा चलता है.”

शिफ्ट संपली की मात्र हा हात लुळा पडायचा. घरी आल्यावर मुलीने “आई, निळी वही घेऊ की हिरवी?” एवढं विचारलं तरी मला रडू येईलसं वाटायचं. अंग दुखत नसे, डोकं दुखत नसे. फक्त आता कुणी काही विचारू नये असं वाटे. दिवसभर मी शेकडो अनोळखी माणसांच्या वस्तूंचा निकाल लावलेला असायचा आणि माझ्या स्वतःच्या घरासाठी एकही निकाल शिल्लक उरलेला नसायचा. तेव्हा हे मला असं नीट सांगता आलं नसतं. तेव्हा मी फक्त “थांब जरा” म्हणायचे आणि फोन हातात घ्यायचे.

आणि फोनमध्ये पडदे असायचे.

किती असायचे ते सांगता येणार नाही, कारण ते संपायचेच नाहीत. बोट वर सरकवत राहायचं, खालून पडदे येत राहायचे. पाच फुटी, सात फुटी, नऊ फुटी. कड्यांचे, नळीचे, हुकांचे. उजेड पुरता अडवणारे, अर्धा अडवणारे, नुसतेच झिरझिरीत. करडा रंग सात तऱ्हांचा असतो हे मला त्या दिवसांत कळलं. ढगाळ करडा, खडकाळ करडा, कबुतरी करडा, आणि एक होता त्याचं नाव नुसतं ‘शांत’ असं होतं. खिडकी आम्ही तिघांनी मोजली. नवऱ्याची साडेचार फूट भरली, माझी चार फूट आठ इंच, आणि मुलीने कंपासपेटीतल्या पट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये जो आकडा आणला तो दोघांशीही जुळेना.

पडदे घेतलेल्यांची मतं वाचण्याची आमच्या घरात वाटणी झाली होती. मी पाच ताऱ्यांची वाचायचे, नवरा फक्त एका ताऱ्याची. गावभरच्या माणसांनी ‘फार सुंदर’ लिहिलेलं त्याला दिसायचं नाही. पण कुणा एकाने ‘दोन धुण्यांत रंग गेला’ लिहिलं की तो पडदा बाद. “अनुभव घेतलाय त्या माणसाने,” असं तो इतक्या आदराने म्हणायचा, जणू तो माणूस त्याचा सख्खा मामा. मुलगी फोटो बघायची. लोकांनी घरी लावलेल्या पडद्यांचे फोटो, त्यात कुणाचा पाय, कुणाची सायकल, कुणाच्या टीव्हीवर चाललेली मॅच. ती पडदा सोडून त्यांच्या घरांबद्दलच बोलत बसायची. “आई, ह्यांच्याकडे बघ, पलंग खिडकीला आडवा लावलाय. आपण लावू या का?” म्हणजे पडद्यांच्या जोडीला पलंगाचाही प्रश्न उभा राहिला.

आमच्या गल्लीच्या टोकाला कापड विणायचे लूम चालतात. दिवसभर खडखड ऐकू येते, खिडकीच्या कठड्यावर कापसाचे तुसे येऊन बसतात, रोज ओल्या फडक्याने पुसावे लागतात. मी ते पुसायचे आणि पुसून झालं की पलंगावर बसून दोन बोटांनी फोटो मोठा करून कापडाचा धागा कसा आहे ते बघायचे. त्यात काही विचित्र आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बाजूच्या इमारतीची स्वयंपाकघराची खिडकी आहे. मध्ये अंतर इतकंच की हात पोचणार नाही, पण वाटी फेकली तर पोचेल. तिथं साठीच्या पुढची एक बाई दिसायची. डोक्यावर ओढणी, चष्मा, हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेलं. पहिले काही दिवस आम्ही दोघी एकमेकींना दिसतच नाही असं दाखवत होतो. फोडणी देताना मी मान खाली घालायचे, ती भांडी लावताना पाठ करायची. मी खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं, पण कुकरच्या वाफेने चिकटपट्टी सुटली आणि कागद भातावर पडला. दुसरा लावायचा कंटाळा आला. नाहीतरी रविवारपर्यंत पडदे येणारच होते.

मग एका सकाळी मी आंघोळीला गेलेली, सासूबाई हॉलमध्ये, आणि गॅसवर दूध. बाहेरून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, “अहो ताई! दूध! दूध चाललं तुमचं!”

सासूबाई धावत गेल्या, गॅस बंद केला. मी केस पुसत बाहेर येते तर दोघी आपापल्या खिडकीत उभ्या आणि “तुमचं गाव कुठलं, माहेर कुठलं” सुरू झालेलं. त्या बाईचं माहेर खाडीच्या बाजूचं. घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. पूर्वी त्यांचे स्वतःचे लूम होते, आता मुलांचा दुसरा धंदा आहे. बोलता बोलता दोघींची बोली इतकी जवळची निघाली की सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आपल्यासारखंच बोलतंय गो ही.” त्या महिनाभरात मी त्यांना एवढं खुललेलं प्रथमच बघत होते. मुलीने त्या बाईला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला सुरुवात केली, मग मीही, आणि शेवटी वयाने मोठ्या असून सासूबाईसुद्धा.

मला हे सगळं दिसत होतं. पण दिसूनही माझ्या मनात आलं ते एवढंच, की समोरून आपलं सगळं घर दिसतं, पडद्यांचं लवकर बघायला हवं.

म्हणून मुलीने घरच्या ग्रुपवर मतदान घेतलं. कल्याणची नणंद, दीर, जाऊ, माझ्या दोन बहिणी, भाऊ. बारा पडद्यांचे फोटो आधी टाकले आणि खाली बारा पर्याय. नणंदेने बाराच्या बारा पर्यायांना मत दिलं आणि लिहिलं, ‘सगळेच गोड आहेत गं.’ जावेने तेरावा फोटो टाकला. भावाने त्या भागात फ्लॅटचा भाव काय चाललाय ते विचारलं, आणि मग दोन दिवस त्यावरच चर्चा चालली. निकाल लागला तेव्हा तीन पडद्यांना सारखी मतं होती, आणि त्यांतला एक नवऱ्याच्या त्या मामाने बाद केलेला होता.

शेवटी कंटाळून मी म्हटलं, आधी एकच मागवू. स्वयंपाकघराला लावून बघू; बरा दिसला तर बाकीचे तसेच. कबुतरी करडा मागवला. तिसऱ्या दिवशी आला. नवऱ्याने स्टुलावर चढून दांडी बसवली, पडदा ओवला. मी म्हटलं छान आहे. मुलगी म्हणाली चालेल. नवऱ्याने हाताने कापड चोळून बघितलं आणि काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही पसंत होता.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. “मना न्हाय बरा वाटत,” त्या म्हणाल्या. “कोंडल्यावानी होतं.”

झालं. “आईला आवडला नाही तर राहू दे,” म्हणत नवरा पुन्हा स्टुलावर चढला. आणि खरं सांगायचं तर मलासुद्धा सुटल्यासारखं वाटलं. हा राहिला असता तर फोनमधले बाकीचे सगळे पडदे हातचे गेले असते. परत पाठवला म्हणजे ते सगळे पुन्हा आपलेच.

परत पाठवताना फोनने कारण विचारलं. कारणांचीही यादी होती, नऊ कारणांची. त्यात ‘सासूबाईंना कोंडल्यासारखं होतं’ हे नव्हतं. बराच वेळ वरखाली करून मी ‘रंग फोटोसारखा नाही’ वर बोट ठेवलं.

त्यानंतर आणखी दोन आले. पानांची नक्षी असलेला आला, तर सासूबाई म्हणाल्या, “पानं वाललेली दिसतात.” पांढरा आला, तर “हा चालंल, पन दुसरा बघा.” तोही गेला.

आणि मग पांढरा परत गेला त्याच आठवड्यात, मला वाटतं बुधवार असावा, जेवणाच्या सुट्टीच्या आधी माझ्या टेबलावर एक चपटं पाकीट आलं. मी सवयीने कटर लावला आणि लेबलवर माझं नाव दिसलं. खाली पत्ता माझा. पाकिटाला चिकटपट्टी मीच लावलेली, मधे सुरकुती पडलेली. तो कबुतरी करडा माझ्याकडेच आला होता.

आमच्याकडे नियम असा, की ओळखीच्या माणसाचं पार्सल दिसलं तर ते शेजारच्या टेबलाला द्यायचं. शेजारी माझी मैत्रीण असते. तिचे वडील उत्तरेतून लूमवर कामाला आले होते, पण ती जन्माने इथलीच. मराठी आणि हिंदी तिच्या एकाच वाक्यात सुखाने नांदतात. मी पाकीट तिच्याकडे सरकवलं.

“हे तू बघतेस का?”

“का, काय झालं?”

“बघ ना.”

तिने पडदा बाहेर काढला, झटकला आणि लाइटखाली धरला. “अरे वा,” ती म्हणाली, “क्या कपडा है!” तिने कड बघितली, शिवण बघितली, कड्या मोजल्या. मग स्क्रीनवर कारण वाचलं आणि डोळे मोठे केले. “रंग फोटोसारखा नाही? अगं, हा फोटो बघ आणि हा पडदा बघ. तंतोतंत! ह्या लोकांना ना, काम नहीं है. बसल्या बसल्या मागवायचं, बसल्या बसल्या परत.”

“असेल काहीतरी कारण,” मी म्हटलं.

“कसलं कारण! घरात चार डोकी असतील, चारही फोनमध्ये. मग कुठला पडदा पटणार?” तिने तो घडी घातला, ‘पुन्हा विकण्यासारखा’ वर स्कॅन केला आणि निळ्या क्रेटमध्ये टाकला. माझ्या डोळ्यांदेखत क्रेट पुढे गेला. आणि गोदामाच्या त्या पांढऱ्याफटक उजेडात मला दिसलं की पडदा खरंच चांगला होता. फार चांगला होता.

चहाच्या वेळी मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की चहा नाकात गेला. शिफ्ट सुटेपर्यंत सगळ्या सेक्शनला कळलं होतं. दोन दिवस माझं नावच ‘रंग फोटोसारखा नाही’ पडलं. कुणी डबा उघडून म्हणायचं, “मॅडम, वांग्याची भाजी फोटोसारखी नाही, परत घेता का?” मी पण हसत होते. पण आत कुठेतरी लाजही वाटत होती. इतकी वर्षं ती पाकिटं फोडताना मी मनात म्हणायचे, काय माणसं असतात. ती माणसं म्हणजे कुणी लांबची, रिकामटेकडी, पैशाने सुजलेली असतील असं मी धरून चालले होते. त्यांच्या घरीसुद्धा कुणी दमून आलेलं असेल, असं मनात आलं नव्हतं.

पार्सल आलं त्या संध्याकाळी मी घरी गेले ती ठरवूनच. चप्पल काढायच्या आधी जाहीर केलं, “आज विषय संपला. तोच कबुतरी करडा मागवायचा. चारी खिडक्यांना.”

गोष्ट ऐकून नवरा आणि मुलगी पोट धरून हसले. “बरं झालं,” नवरा म्हणाला, “माझ्या डोक्यातून एकदाचे जाऊ देत ते पडदे.” मी फोन काढला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाटावर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “मना तो न्हाय बरा वाटत.”

मी दमले होते. आवाज चढलाच. “आई, मग तुम्हाला बरा वाटतो तो कुठला, ते तरी एकदा सांगा! तीन महिने झाले. जो आणावा तो नको. दीडशे पडदे झालेत इथं निवडून ठेवलेले. सांगा कुठला, तोच मागवते.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं सासूबाई आता रडतात. पण त्यांनी पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, “कुठलाच न्हाय.”

“म्हणजे?”

“ह्या खिडकीला नको मना पडदा. बाकी तुमाला पायजे तिथं लावा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “सकाली तुमी तिगं जाता. मंग मी हाय आन भिंती हायेत. गावाला दारातनं मानूस जातं येतं, हाक मारतं. हितं ती एकटी हाक मारते मना. ती खिडकी पन झाकलीत तर मी बोलू कोनाशी?”

नवरा म्हणाला, “आई, मग हे आधी नाही का सांगायचं?”

“तुमी मना इचारलंत, कुठला पायजे. पायजे का, ते कोनी इचारलंच न्हाय. आन तुमी एवढी हौसंनी बघत होतात.”

ते तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर आले. संध्याकाळी आम्ही तिघं हॉलमध्ये मान खाली घालून तीन फोनांत, आणि ह्या आत खिडकीशी. आम्ही त्यांच्यासमोर अधूनमधून एखादा फोटो धरायचो, त्या “बरा हाय” नाहीतर “न्हाय बरा” म्हणायच्या, आणि आम्हाला वाटायचं त्यांना सामील करून घेतलंय. आणि त्या बापड्या एकेका पडद्यात खोट काढून तो दिवस पुढे ढकलत होत्या. वाळलेली पानं काय, कोंडल्यासारखं काय! चांगल्या पडद्यात खोड काढायला त्यांना किती अवघड गेलं असेल.

मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले. म्हटलं, “बाकीच्या तीन खिडक्यांना तरी कुठले आणू?”

“बाजारात चल,” त्या म्हणाल्या. “हात लावून बघू.”

रविवारी आम्ही निघालो तर खालाही आल्या. त्यांना खिडकीतून आधीच कळलं होतं. आम्ही तिघी रिक्षात बसलो. खड्ड्यांतून उसळत बाजारापर्यंत पोचेस्तोवर दोघींनी निम्म्या गावाची चौकशी संपवली. सासूबाई शहरात आल्यापासून अशा बाहेर पहिल्यांदाच पडत होत्या, हे मला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

दुकान खालांच्या माहितीतलं. गादीवर बसल्यावर दुकानदार म्हणाला, “फोटो आहे का काही? आजकाल सगळे फोटो आणतात, तसा देतो.” मी आनंदाने फोन काढायला लागले. खालांनी माझ्या हातावर हात ठेवला. “पिशवीत राहू दे तो,” त्या म्हणाल्या. “नाहीतर संध्याकाळ इथंच होईल.”

दुकानदार काही फोनपेक्षा कमी नव्हता. त्याने एकामागून एक तागे उलगडायला सुरुवात केली. सासूबाई दोन बोटांच्या चिमटीत कापड धरून बघायच्या आणि सोडून द्यायच्या. खाला उजेडाकडे धरून विणीतून आरपार बघायच्या. चौथा तागा आला, साधा, मातकट रंगाचा. सासूबाईंनी चिमटीत धरला, खालांकडे बघितलं. खालांनी मान हलवली.

“पुरे,” सासूबाई म्हणाल्या. “ह्यो.”

“आजी, अजून बरेच आहेत,” दुकानदार म्हणाला. “वर नवा माल आलाय, बघून तर घ्या.”

“कशाला? ह्यो बरा हाय ना?”

“बरा आहे. चांगला टिकेल.”

“मंग द्या फाडून.”

चारच! “आई, आणखी एक-दोन बघू या का?” मी म्हटलं. “म्हणजे, नंतर असं नको वाटायला...”

त्या माझ्याकडे वळल्या. रागाने नाही, खरोखरच न कळून. “आगो, खोलीत झोपायचं हाय. पडद्याकडं बघत थोडंच बसायचं?”

दुकानदाराने कापड फाडलं. तो चर्र आवाज झाला आणि माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. आता ह्याला परत पाठवायची सोय नव्हती. रिक्षात मी पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि कितीतरी दिवसांनी फोन न बघता बाहेर बघत घरी आले.

गल्लीतल्या शिंपिणीने दोन दिवसांत शिवून दिले. नवऱ्याने लावले. तो एका ताऱ्याचं मत शोधायला बघत होता, पण ह्या पडद्याला कुणी ताराच दिलेला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाऱ्याने गॅस फडफडायचा, तर खालांनी सुचवलं, ओट्यापुरता खाली अर्धा लावा, वर मोकळं राहू दे. उरलेल्या तुकड्यात तो बसला. सासूबाईंनी तो हातानेच शिवला, शिंपिणीकडे देऊ दिला नाही.

माझं सगळंच बदललं असं म्हणणार नाही. अजूनही शिफ्टवरून आल्यावर माझं बोट कधी कधी फोनवर सरकत राहतं, आणि चमच्यांचे सेट बघत अर्धा तास जातो. पण आता मध्येच वाटतं, हे हवंय का आपल्याला? बऱ्याचदा नको असतं. आणि रोज संध्याकाळी जेवायला काय करायचं ते मी सासूबाईंवर सोपवून टाकलंय. मी आत पाऊल टाकायच्या आधीच त्या सांगतात, “आज वालाची,” आणि मी वाल करते. त्यात केवढी विश्रांती आहे!

परवा मुलीला शाळेला सुट्टी होती. माझ्या जेवणाच्या वेळी तिने फोटो पाठवला. मी डबा बाजूला ठेवून उघडला. आमचं स्वयंपाकघर, सासूबाईंची पाठ, कठड्यावर त्यांचं ताट. पलीकडे खाला, त्यांच्या कठड्यावर त्यांचं ताट. दोघी जेवत होत्या, आणि खालांनी तळलेली एक मांदेली अशी वर धरली होती, बहुतेक कशी कुरकुरीत झाली ते दाखवायला. फोटो जरा हललेला होता. मी तो जावेला पाठवला, ‘आई मजेत आहेत’ असं लिहिलं आणि हात धुवून टेबलावर गेले.